अमेरिकी शाळा, डच शहर आणि परतीचा पत्ता

अमेरिकेच्या नवजात राष्ट्रासाठी कर्ज आणि राजनैतिक मान्यता मिळविण्याच्या खटपटीत जॉन अ‍ॅडम्स १७८० च्या उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमला आले. सोबत जॉन क्विन्सी आणि चार्ल्स हे दोन मुलगे होते. मुलांची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी दोघांनाही शहरातील लॅटिन शाळेत घातले. तेरा वर्षांच्या जॉन क्विन्सीला लॅटिन येत होते, फ्रेंच येत होती. येत नव्हती ती डच. तेवढ्या एका कारणाने त्याला लहान मुलांच्या वर्गात बसविण्यात आले. मुलगा कंटाळला, मुख्याध्यापकांशी त्याचे खटके उडू लागले आणि नोव्हेंबरमध्ये वडिलांनी दोन्ही मुलांना शाळेतून काढून लायडनला पाठविले. हाच मुलगा पुढे १७९४ मध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून हेगला परतला आणि १८२५ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

सुमारे अडीचशे वर्षांनंतरही त्या पेचाचे स्वरूप फारसे बदललेले नाही. नोकरीनिमित्त परक्या देशात आलेल्या आईवडिलांनी मुलांना तेथील शाळेत घालावे, की आपल्या ओळखीच्या पद्धतीची शाळा शोधावी? फरक एवढाच, की हा प्रश्न आता केवळ राजदूतांच्या घरात पडत नाही. पुण्याच्या हिंजवडीतून किंवा मुंबईच्या अंधेरीतून हेग, आम्स्टेलवेन वा आइंडहोवन येथे दोन-तीन वर्षांसाठी गेलेल्या संगणक अभियंत्याच्या घरातही तो पडतो. तेथे व्हिसा, घर आणि बँक खाते यांच्या पाठोपाठ येणारा चौथा प्रश्न शाळेचा असतो, आणि पहिल्या तिन्हींपेक्षा त्याचे परिणाम अधिक काळ टिकतात.

शाळा कोणासाठी उभी राहिली?

युरोपातील अमेरिकी शाळांचा मोठा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. युद्धोत्तर पुनर्बांधणी, नाटो करार, तेल कंपन्यांचा व्याप आणि वाढते राजनैतिक संबंध यांमुळे हजारो अमेरिकी कुटुंबे युरोपात राहू लागली. लंडनमधील अमेरिकी शाळा १९५१ मध्ये, तर हेगची अमेरिकी शाळा १९५३ मध्ये स्थापन झाली. हेगची शाळा आज शहराला लागून असलेल्या वासेनार या गावी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेचा दूतावासही हेगच्या मध्यवस्तीतून वासेनार येथेच हलविण्यात आला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९६४ मध्ये परदेशातील अशा शाळांना साहाय्य करण्यासाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शुल्कासाठी अमेरिकी सरकार शिक्षण भत्ताही देते.

हा इतिहास नजरेआड केला तर या शाळांचे स्वरूप नीट कळत नाही. दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या आणि अखेरीस अमेरिकेत परतणाऱ्या कुटुंबासाठी त्यांची घडण झाली. मुलगा ह्यूस्टनहून हेगला, हेगहून सिंगापूरला आणि तेथून पुन्हा ह्यूस्टनला गेला तरी त्याची इयत्ता, पाठ्यक्रम आणि प्रगतिपुस्तक यांचा धागा तुटू नये, हे त्यांचे मूळ प्रयोजन. शुल्क मालकाने वा सरकारने भरायचे, हे त्यामागचे गृहीतक. मराठी कुटुंबाला यातील किती गोष्टी लागू पडतात, हे पाहिल्याशिवाय माहितीपत्रकातील हिरवीगार मैदाने आणि सुसज्ज प्रयोगशाळा पाहून निर्णय घेणे धोक्याचे ठरू शकते.

अमेरिकी अभ्यासक्रम म्हणजे काय?

'अमेरिकी अभ्यासक्रम' या शब्दप्रयोगामुळे अनेकांचा असा समज होतो, की आपल्याकडील सीबीएसईप्रमाणे अमेरिकेतही एखादे राष्ट्रीय मंडळ असावे. तसे ते नाही. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा आणि स्थानिक शाळा मंडळांचा विषय आहे. त्यामुळे बारावीच्या शेवटी मिळणारा 'हायस्कूल डिप्लोमा' कोणतीही केंद्रीय परीक्षा घेऊन दिला जात नाही. तो शाळाच देते. नववी ते बारावी या चार वर्षांत विद्यार्थी ठरावीक श्रेयांक मिळवितो, प्रत्येक विषयातील श्रेणींची सरासरी काढली जाते आणि हे सारे एका प्रतिलेखात, म्हणजे ट्रान्सक्रिप्टमध्ये, नोंदले जाते.

या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. एका परीक्षेवर सारे भवितव्य टांगलेले नसते. वर्षभराचे काम, प्रकल्प, चर्चा, खेळ, नाटक, संगीत यांना मान असतो. विज्ञान शाखेचा विद्यार्थी इतिहास किंवा चित्रकला घेऊ शकतो. घोकंपट्टीला कंटाळलेल्या मुलाला येथे मोकळा श्वास मिळतो, हे अनेक पालक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

मात्र डिप्लोमा शाळा देत असल्याने त्याचे बाहेरील मूल्य त्या शाळेच्या अधिस्वीकृतीवर अवलंबून असते. अमेरिकेतील 'मिडल स्टेट्स', 'न्यू इंग्लंड असोसिएशन', 'कॉग्निया' यांसारख्या संस्था किंवा 'कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स' अशी अधिस्वीकृती देतात. 'अमेरिकी' हे विशेषण कोणीही पाटीवर लावू शकतो. अधिस्वीकृती मात्र तपासणी करून आणि ठरावीक मुदतीसाठीच मिळते. शाळेच्या पाटीपेक्षा हा कागद आधी पाहायला हवा.

दुसरी बाब 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' अर्थात एपी परीक्षांची. 'कॉलेज बोर्ड' ही संस्था दर मे महिन्यात त्या घेते आणि एक ते पाच असे गुण देते. युरोपातील विद्यापीठांच्या दृष्टीने नुसता हायस्कूल डिप्लोमा बहुधा अपुरा असतो. नेदरलँड्समधील संशोधन विद्यापीठे त्यासोबत सामान्यतः तीन ते चार एपी विषयांत किमान तीन गुणांची अपेक्षा करतात. म्हणजे वासेनारच्या वर्गात चार वर्षे चांगल्या श्रेणी मिळविलेल्या मुलाने एपी परीक्षा दिल्या नाहीत, तर हाकेच्या अंतरावरील लायडन विद्यापीठाचे दार त्याला बंद असू शकते. याच कारणाने अनेक अमेरिकी शाळा, हेगची शाळाही त्यात आली, एपीबरोबरच 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' म्हणजे आयबी डिप्लोमाचाही पर्याय देतात. जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आयबीची परीक्षा बाहेरची असते. सहा विषय आणि कमाल ४५ गुण अशी तिची रचना असून युरोपात तिची ओळख अधिक सहज पटते.

तीन दारे

हेग परिसरात आलेल्या कुटुंबापुढे ढोबळमानाने तीन दारे असतात. पहिले दार पूर्णतः खासगी शाळांचे. अमेरिकी शाळा आणि १९३१ पासून चालत आलेली ब्रिटिश शाळा या गटात मोडतात. आम्स्टेलवेनमध्ये १९६४ पासूनची 'इंटरनॅशनल स्कूल ऑफ अ‍ॅमस्टरडॅम' आहे, आणि २०१८ मध्ये भारतातील अ‍ॅमिटी समूहानेही तेथे आयबी अभ्यासक्रमाची शाळा काढली. भारतीय वस्ती जेथे दाट, तेथे भारतीय शिक्षणसंस्थाही पोहोचते, याचे हे बोलके उदाहरण.

दुसरे दार 'डच इंटरनॅशनल स्कूल्स' या सरकारी अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळांचे. २००३ मध्ये सुरू झालेली 'इंटरनॅशनल स्कूल ऑफ द हेग' ही त्यांपैकी एक. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय, आणि शुल्क खासगी शाळांच्या निम्म्याहून कमी. परंतु येथे प्रवेश सर्वांना नाही. मूल परदेशी नागरिक असावे आणि पालकांपैकी किमान एक जण मर्यादित काळासाठी नेदरलँड्समध्ये किंवा सीमेलगत नोकरीस असावा, ही मुख्य अट. त्यासाठी मालकाचे पत्र लागते. प्रतीक्षायादी ही तर नित्याचीच बाब. त्यामुळे बदलीचा आदेश हाती पडताच पहिला अर्ज येथे करण्याचा सल्ला जुनी मंडळी नव्यांना देतात.

तिसरे दार साध्या डच शाळेचे. हे दार बहुसंख्य भारतीय कुटुंबे उघडूनही पाहत नाहीत. शिक्षण विनामूल्य आहे. पालकांकडून मागितली जाणारी वर्गणी ऐच्छिक असते आणि ती भरली नाही म्हणून मुलाला शाळेच्या उपक्रमातून वगळण्यास २०२१ पासून कायद्यानेच मनाई आहे. बाहेरून आलेल्या लहान मुलांसाठी भाषावर्ग असतात, बारा वर्षांवरील मुलांसाठी 'इंटरनॅशनल स्खाकेलक्लास' हा संक्रमण वर्ग असतो. युनिसेफने श्रीमंत देशांतील बालकांच्या सुस्थितीची जी तुलना २०२० आणि पुन्हा २०२५ मध्ये केली, तिच्यात नेदरलँड्सचा क्रमांक पहिला होता. सायकलवरून एकट्याने शाळेत जाणारी आठ-नऊ वर्षांची मुले हे त्या सुस्थितीचे रोजचे दर्शन.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या पिसा चाचणीत डच विद्यार्थ्यांचे वाचनाचे सरासरी गुण ४५९ होते, तर प्रगत देशांच्या ओईसीडी संघटनेची सरासरी ४७६ होती. शिवाय डच व्यवस्थेत बाराव्या वर्षीच मुलांची वाट विभागली जाते. प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात शिक्षकांची शिफारस आणि एक चाचणी यांच्या आधारे मूल चार वर्षांच्या व्यवसायपूर्व 'व्हीएमबीओ'मध्ये, पाच वर्षांच्या 'हावो'मध्ये की सहा वर्षांच्या विद्यापीठाभिमुख 'व्हीडब्ल्यूओ'मध्ये जाणार, हे ठरते. दहाव्या-अकराव्या वर्षी आलेले हुशार मूल केवळ डच कच्चे असल्यामुळे खालच्या प्रवाहात ढकलले जाण्याची भीती निराधार नाही. पुढे वरच्या प्रवाहात जाता येते, परंतु त्यात वर्षे खर्ची पडतात.

पैशाचे गणित

अमेरिकी शाळेचे वार्षिक शुल्क वीस हजार युरोंच्या वर जाते आणि वरच्या इयत्तांत ते आणखी वाढते. एका युरोचे शंभर रुपये धरले तर एका मुलामागे वर्षाला वीस लाखांहून अधिक. प्रवेश शुल्क, बस, सहली आणि जेवण वेगळे.

आता दुसरी बाजू पाहू. तीस वर्षांवरील 'अतिकुशल स्थलांतरिता'ला २०२५ मध्ये नेदरलँड्सचा कामाचा परवाना मिळण्यासाठी महिन्याला किमान ५,६८८ युरो वेतनाची अट होती. म्हणजे वर्षाचे सुमारे ६८ हजार युरो, आणि तेही करपूर्व. या किमान वेतनाच्या आसपास असलेल्या कुटुंबाने दोन मुलांना अमेरिकी शाळेत घातले, तर चाळीस हजारांहून अधिक युरो शाळेतच जातील; कर आणि घरभाडे वजा केल्यावर हाती काय उरेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. थोडक्यात, पदरमोड करून परवडावी अशी ही शाळा नव्हेच. ती मालकाच्या पैशावर चालणारी व्यवस्था आहे.

डच करकायदाही हेच गृहीत धरतो. परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या वेतनाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त देण्याची सवलत तेथे आहे. त्याशिवाय आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क मालकाने भरले, तर तेही करमुक्त राहू शकते. परंतु ही सवलत कायमची नाही. २०१९ मध्ये तिची मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली. २०२४ मध्ये ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले, मग तो निर्णय मागे घेतला गेला आणि २०२७ पासून ती २७ टक्के करण्याचे निश्चित झाले. डच राजकारणात ही सवलत दर निवडणुकीला चर्चेत येते. ज्या मुलाला पहिलीत घालायचे त्याची बारावी होईपर्यंत ती कशी असेल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

कंपन्यांची हमी तर त्याहून कमी. हेग हे अनेक दशके शेल या तेल कंपनीचे मुख्यालय होते. २०२१ च्या अखेरीस कंपनीने मुख्यालय लंडनला नेण्याचा निर्णय घेतला आणि तो अमलातही आणला. याउलट ब्रेक्झिटमुळे युरोपीय औषध संस्था २०१९ मध्ये लंडनहून अ‍ॅमस्टरडॅमला आली. कार्यालये हलतात, त्यांच्यासोबत शाळांच्या वर्गांतील बाकेही रिकामी होतात किंवा भरतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे मराठीत म्हणतात. येथे बिऱ्हाड कंपनीच्या पाठीवर असते, आणि कंपनी केव्हा वळण घेईल हे बिऱ्हाडाला शेवटी कळते.

म्हणून सर्वांत मोठा धोका शुल्काच्या आकड्यात नसून त्याच्या अनिश्चिततेत आहे. कंपनी पहिली तीन वर्षे शुल्क भरते. नंतर कर्मचाऱ्याला 'स्थानिक अटीं'वर कायम करते आणि शुल्काचा परतावा थांबतो. तोपर्यंत मूल नवव्या-दहाव्या वर्षात पोहोचलेले असते. डच भाषेचा गंध नाही, खासगी शाळा परवडत नाही आणि पालक आता कायमचे कर्मचारी असल्याने 'मर्यादित काळा'ची अट असलेल्या अनुदानित शाळेतही प्रश्नचिन्ह. ज्या वयात डच शाळेत सहज सामावले गेले असते, ते वय हातचे निघून गेलेले. ही कोंडी टाळण्यासाठी नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वीच शुल्क कोण, किती आणि किती वर्षे भरणार, हे लेखी घेणे अगत्याचे आहे.

वयाचे गणित

शाळा निवडताना शाळेचे मानांकन पाहण्यापूर्वी मुलाचे वय पाहावे, हे सूत्र साधे आहे, पण त्याकडे दुर्लक्ष होते. चार ते आठ वर्षांचे मूल नवी भाषा खेळता खेळता उचलते. या वयात डच शाळेत गेलेले मूल वर्ष-दीड वर्षात शेजारच्या मुलांशी भांडण्याइतकी भाषा शिकते, आणि भांडता येणे हेच सामावले गेल्याचे पहिले लक्षण. दोन वर्षांनी भारतात परतावे लागले तरी या वयात झालेले अभ्यासाचे नुकसान भरून काढता येते.

नऊ ते तेरा हा खरा कसोटीचा टप्पा. मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल तर इंग्रजी माध्यमाची शाळा, शक्यतो अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळा, हा मधला मार्ग. मुक्काम कायमचा होण्याची शक्यता असेल तर थोडा त्रास सोसून डच शाळा, असा विचार करावा लागतो. चौदाच्या पुढे मात्र भाषेचा डोंगर चढून विद्यापीठाच्या दारापर्यंत वेळेत पोहोचणे अवघड. तेथे अमेरिकी किंवा आयबी अभ्यासक्रमाचे पारडे जड होते. नववीपासूनची प्रत्येक श्रेणी अमेरिकी प्रतिलेखात कायमची नोंदली जात असल्याने दहावीच्या मध्यात आलेल्या मुलाचे भारतातील गुण कसे रूपांतरित होणार, हे प्रवेशापूर्वीच विचारून घेतले पाहिजे.

परतीचा पत्ता

अमेरिकी कुटुंबाचा परतीचा पत्ता ठरलेला असतो. तेथील विद्यापीठांना डिप्लोमा, श्रेणी-सरासरी, एपी आणि सॅट ही भाषा मुखोद्गत असते. मराठी कुटुंबाचा पत्ता मात्र बऱ्याचदा कोराच असतो: कदाचित पुणे, कदाचित न्यू जर्सी, कदाचित येथेच. आणि प्रत्येक पत्त्याची कुलपे वेगळी.

पुण्यात परतायचे असेल तर वेळापत्रकापासून सुरुवात होते. अमेरिकी शाळेचे वर्ष ऑगस्टअखेर सुरू होऊन जूनमध्ये संपते. राज्य मंडळाच्या शाळेशी ते कसेबसे जुळते. सीबीएसईच्या शाळांचे वर्ष मात्र बहुधा एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे सीबीएसईत दोन-दोन वर्षांचे जोड अभ्यासक्रम असल्याने थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश सहसा मिळत नाही. म्हणजे परतायचेच असेल तर नववी किंवा अकरावीच्या उंबरठ्यावर परतावे. मधल्या वर्षी परतणे म्हणजे एक वर्ष गमावणे.

वैद्यकीय शिक्षणाचा विचार असणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. अनेक अमेरिकी शाळांत जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय एकेका वर्षी एकेक असे शिकविले जातात. भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी हे तिन्ही विषय आणि इंग्रजी उच्च माध्यमिक पातळीवर असणे आवश्यक असते. विषयांची निवड नववी-दहावीतच जाणीवपूर्वक केली नाही, तर उत्तम श्रेणी असूनही पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. परदेशी प्रमाणपत्रासाठी भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्रही अनेक ठिकाणी मागितले जाते.

अभियांत्रिकीत तर नियमच बदलले. परदेशात शिकलेल्या मुलांना राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत प्रवेश देणाऱ्या 'डासा' योजनेत पूर्वी सॅटच्या विषय चाचण्यांचे गुण चालत असत. कॉलेज बोर्डाने त्या चाचण्या २०२१ मध्ये बंद केल्या आणि योजना जेईई मेनच्या गुणानुक्रमावर आली. ज्या पालकांनी अमेरिकी शाळेतून सॅट आणि तेथून थेट भारतातील नामांकित संस्था असा सरळ रस्ता कल्पिला होता, त्यांच्या मुलांना आता जेईईची वेगळी तयारी करावी लागते. आणि अमेरिकी वर्गातील मोकळीक त्या तयारीसाठी नक्कीच बनविलेली नाही.

घरची भाषा, गावची भाषा

याखेरीज एक किंमत अशी आहे, की जी कोणत्याही शुल्कपत्रकात छापलेली नसते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला. आईवडिलांच्या संस्कृतीत पूर्ण नाहीत आणि यजमान देशातही नाहीत, अशा मुलांसाठी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' ही संज्ञा त्यांनी त्यातूनच रूढ केली. ही मुले जगात कोठेही वावरू शकतात. मात्र 'तू कुठला?' या प्रश्नाला चटकन उत्तर देऊ शकत नाहीत.

हेगच्या अमेरिकी शाळेतील मराठी मुलाच्या बाबतीत तर चार भाषांचा मेळ असतो. शाळेत अमेरिकी इंग्रजी, रस्त्यावर डच, वर्गातील परकीय भाषा म्हणून फ्रेंच वा स्पॅनिश, आणि घरी मराठी. या चौघींत हमखास हरते ती मराठी, आणि तिच्या खालोखाल डच. पाच वर्षे एका शहरात राहून तेथील दुकानदाराशी, वाहकाशी, शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येऊ नये, हे त्या शहरात राहणे नव्हे; ते मुक्कामाला असणे झाले. शाळेचे मित्रही दर जूनमध्ये निम्मे निरोप घेऊन जाणार असतील, तर मूल मैत्री जपून, हातचे राखून करायला शिकते. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या निमित्ताने एकत्र येणारी मराठी मंडळे, सुटीच्या दिवशी भरणारे भाषावर्ग यांचे मोल येथे कळते. शाळा कोणतीही असो, घरातील मराठीची जबाबदारी शाळेवर टाकता येत नाही.

सुट्यांबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. नेदरलँड्समध्ये पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे. धार्मिक सणासाठी रजा मिळू शकते. पण तिकीट स्वस्त आहे म्हणून आठवडाभर आधी मुंबईचे विमान पकडल्यास दंड होऊ शकतो. भारतातील शाळेत वर्गशिक्षिकेला चिठ्ठी देऊन भागते, तसे तेथे भागत नाही.

शाळेला काय विचारावे?

शाळा पाहायला जाणारे पालक जलतरण तलाव पाहतात, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण विचारतात आणि परततात. वास्तविक विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. अधिस्वीकृती कोणाची आणि कोणत्या वर्षापर्यंत? एपी किंवा आयबीचे नेमके कोणते विषय दरवर्षी शिकविले जातात? गेल्या तीन वर्षांतील विद्यार्थी कोणत्या देशांतील विद्यापीठांत गेले, आणि त्यात अमेरिकेबाहेरचे किती? इंग्रजीत कच्च्या मुलासाठी मदत शुल्कातच आहे की वेगळी? डच भाषा आठवड्यातून किती तास आणि कोणत्या पातळीपर्यंत? मध्येच बदली झाली तर किती आधी सूचना द्यावी लागते आणि भरलेले शुल्क किती परत मिळते? या प्रश्नांची उत्तरे चांगली शाळा हसतमुखाने देते. जेथे उत्तरांऐवजी पुन्हा माहितीपत्रकच हाती दिले जाते, तेथे सावध व्हावे.

अमेरिकी शाळा वाईट आहेत, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. ज्याला पुढे अमेरिकेतच जायचे आहे, ज्याच्या वडिलांची वा आईची दर तीन वर्षांनी खंडांतरे होणार आहेत आणि ज्याचे शुल्क मालक शेवटपर्यंत भरणार आहे, त्या चौदा वर्षांच्या मुलासाठी याहून सोयीची व्यवस्था क्वचितच सापडेल. प्रश्न एवढाच, की मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांपैकी किती जणांची परिस्थिती अशी आहे? 'अमेरिकी' या शब्दाला आपल्याकडे जे वलय आहे, त्या वलयापोटी अनेकदा अशी शाळा निवडली जाते, जी मुळात दुसऱ्याच कोणाच्या प्रवासासाठी बांधलेली असते.

जॉन अ‍ॅडम्स यांना मुलांना शाळेतून काढून लायडनला पाठविण्यास काही महिने पुरले. त्यांच्या मुलांपुढे ना श्रेयांक होते, ना समकक्षता प्रमाणपत्र. आजच्या पालकांना ती मुभा नाही. प्रत्येक शाळा मुलाला एका विशिष्ट दिशेला वळवीत जाते, आणि दरवर्षी मागे फिरणे थोडे अधिक कठीण होते. म्हणून शाळा निवडण्याआधी कुटुंबाने एका संध्याकाळी बसून एवढेच ठरवावे, की मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा ते कोठे असावे असे आपल्याला वाटते, आणि त्याला स्वतःला काय वाटते. उत्तर अमेरिका असेल तर अमेरिकी शाळा, हेग असेल तर डच शाळा, आणि पुणे असेल तर परतीच्या तिकिटाची तारीख आधी. उत्तर ठाऊक नसेल तर जी शाळा सर्वाधिक दारे उघडी ठेवते आणि जिचे शुल्क कंपनीने हात काढून घेतल्यावरही भरता येईल, ती शाळा. दोन्ही अटी पूर्ण करणारी शाळा बहुधा वासेनारमध्ये सापडणार नाही; ती घरापासून सायकलच्या अंतरावर असण्याचीच शक्यता अधिक.